एका देहात किती जण?

१८८५ साली युरोपात दोन ठिकाणी जवळजवळ एकाच प्रश्नावर काम चालू होते. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील रोशफोर या गावी बुरू आणि ब्युरो नावाचे दोन डॉक्टर लुई व्हिवे या बावीस वर्षांच्या तरुणाची तपासणी करत होते. त्याच वर्षी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर बोर्नमथ येथे रॉबर्ट लुई स्टीव्हनसन हा आजारी लेखक अंथरुणात बसून एक छोटी कादंबरी लिहीत होता. जानेवारी १८८६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तिचे नाव ‘डॉ. जेकिल आणि मि. हाइड’.

लुई व्हिवेची हकीकत कोणत्याही कादंबरीला मागे टाकेल अशी आहे. लहानपणापासून चोऱ्या आणि सुधारगृह हेच त्याचे आयुष्य. शेतात काम करताना त्याला साप दिसला, तो प्रचंड घाबरला आणि त्याचे पाय लुळे पडले. बसून करता येईल असे काम म्हणून त्याला शिवणकाम शिकवण्यात आले. काही काळाने त्याला मोठा झटका आला. शुद्धीवर आल्यावर तो उठून चालू लागला, पण आपण कधी शिवणकाम शिकलो हे त्याला आठवेना. पाय लुळे असताना तो शांत आणि आज्ञाधारक होता. चालू लागल्यावर तो भांडखोर झाला. पुढे सैन्यात गेला, तिथे चोरी केली आणि अखेर रोशफोरच्या रुग्णालयात येऊन पोहोचला. तिथल्या डॉक्टरांनी त्याच्या शरीराला निरनिराळे धातू आणि लोहचुंबक लावून पाहिले. लुळेपणा उजव्या अंगाकडून डाव्या अंगाकडे सरके आणि त्याबरोबर स्वभाव व आठवणीही बदलत, असे त्यांनी नोंदवले. चुंबकाने असे काही होत नाही हे आज आपल्याला माहीत आहे. पण डॉक्टरांना काय घडावेसे वाटते हे रुग्णाला कळत होते, एवढा अर्थ त्यातून नक्की निघतो. हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण पुढची शंभर वर्षे तो आपल्या सोबत राहणार आहे.

स्टीव्हनसनला व्हिवेची माहिती होती का? त्याची पत्नी फॅनी हिने नंतर लिहून ठेवले की, अबोध मनावरील एका फ्रेंच वैज्ञानिक लेखाने तो भारावून गेला होता. स्टीव्हनसनने स्वतः मात्र १८९३ मध्ये एका मुलाखतीत सांगितले की, पुस्तक लिहिताना दुहेरी व्यक्तिमत्त्वाचा एकही खरा रुग्ण त्याच्या ऐकिवात नव्हता. व्हिवेची हकीकत त्याला पुस्तक निघाल्यावर फ्रेडरिक मायर्स या अभ्यासकाने कळवली. आम्हाला स्टीव्हनसनचे म्हणणे पटते. याचे कारण पुस्तकातच आहे. व्हिवेला एका अवस्थेतले दुसऱ्या अवस्थेत आठवत नसे. जेकिलला हाइडने केलेले सगळे आठवते. हाइड होऊन हिंडायला मिळते म्हणूनच तर तो ते औषध पुन्हा पुन्हा घेतो. जेकिल मनोरुग्ण नाही, तो ढोंगी आहे. त्याचे मूळ रुग्णालयात शोधण्यापेक्षा एडिंबरोच्या विल्यम ब्रोडी या गृहस्थात शोधावे. हा ब्रोडी दिवसा प्रतिष्ठित सुतार आणि नगरपरिषदेचा सदस्य होता, रात्री घरफोड्या करत असे. १७८८ मध्ये तो फासावर गेला. त्याने बनवलेले एक कपाट स्टीव्हनसनच्या बालपणीच्या खोलीत होते, आणि त्याच्यावर स्टीव्हनसनने आधी एक नाटकही लिहिले होते.

शाळेत ही कादंबरी वाचून घ्यायची असेल तर रसायनशास्त्राच्या शिक्षकांसाठी तिच्यात एक गंमत आहे. जेकिलजवळचा क्षार संपत येतो. तो नवा मागवतो, पण नव्या क्षाराचा गुण येत नाही. मग त्याच्या ध्यानात येते की पहिला साठा अशुद्ध असणार, आणि जो काही चमत्कार होता तो त्या अशुद्धीचाच. अशुद्धी कोणती ते त्याला ठाऊक नाही, त्यामुळे प्रयोग पुन्हा करता येत नाही. प्रयोगाची पुनरावृत्ती करता न आल्यामुळे नायकाचा नाश झाल्याचे दुसरे उदाहरण आम्हाला कथासाहित्यात आठवत नाही.

हाइडचे रूपही पाहण्यासारखे आहे. कादंबरीत तो जेकिलपेक्षा ठेंगणा आणि वयाने लहान दिसतो. जेकिलच्या स्वभावाचा हा भाग आजवर फारसा वापरलाच गेलेला नाही, म्हणून त्याची वाढ खुंटली, असा त्यामागचा तर्क. शिवाय त्याच्या वागण्याला लेखक वानराची उपमा देतो. डार्विनचा मानवाच्या उत्पत्तीवरील ग्रंथ १८७१ चा. गुन्हेगार म्हणजे उत्क्रांतीत मागे राहिलेला माणूस, हा इटलीतील लोंब्रोसोचा सिद्धान्त १८७६ चा. तो सिद्धान्त चुकीचा ठरला, पण १८८६ च्या वाचकाच्या डोक्यात तो होता. नाटके आणि चित्रपट यांनी हाच धागा ताणला. १९३१ च्या चित्रपटात फ्रेडरिक मार्चचा हाइड जवळजवळ वानरच झाला, आणि मार्चला त्यासाठी ऑस्कर मिळाले. ढोंगाची गोष्ट अशा रीतीने राक्षसाची गोष्ट झाली. ‘दुसरा’ म्हणजे हिंसक, हे समीकरण इथून पुढे कथालेखकांच्या हाती तयारच राहिले.

डॉक्टरांच्या नोंदी मात्र फार वेगळ्या होत्या. बोर्डो येथील डॉ. अझाम यांनी १८५८ पासून फेलिदा नावाच्या एका शिवणकाम करणाऱ्या मुलीचे निरीक्षण केले आणि १८७६ मध्ये ते प्रसिद्ध केले. फेलिदा मूळची उदास आणि अबोल होती. मधूनच तिला ग्लानी येई आणि ती हसरी, बोलकी होऊन उठे. हसऱ्या फेलिदाला दोन्ही अवस्थांतले सारे आठवे. उदास फेलिदाला दुसरीचा पत्ताच नसे. हसऱ्या अवस्थेत तिला दिवस गेले, आणि उदास फेलिदाला आपल्या शरीरात काय होते आहे ते कळेना. यात कोणी राक्षस नाही, कोणाचा खूनही नाही. वाट्याला आलेले कष्टाचे, कोंडलेले आयुष्य एकाच मनाला पेलवत नाही, एवढेच दिसते. या व्यथेला नाव पुढे मिळाले. १८८९ मध्ये पिएर जाने यांनी डिसोसिएशनची कल्पना मांडली. जाणीव, आठवणी आणि ‘मी’पण हे तिन्ही एरवी एकत्र नांदतात, डिसोसिएशनमध्ये त्यांची आपसात फारकत होते.

इथे थोडे थांबून एक घोटाळा निस्तरायला हवा. स्वित्झर्लंडच्या ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द घडवला. त्याचा शब्दशः अर्थ मनाची फाटाफूट असा होतो, म्हणून मराठीतही त्याला ‘दुभंगलेले व्यक्तिमत्त्व’ म्हणण्याची पद्धत पडली. त्यामुळे स्किझोफ्रेनिया म्हणजे जेकिल आणि हाइड, असा समज शिकलेल्या माणसांतही आढळतो. पण ब्लॉयलरना अभिप्रेत असलेली फाटाफूट विचार, भावना आणि वास्तव यांच्यातली होती. त्या रुग्णाला नसलेले आवाज ऐकू येतात, भलतेच संशय येतात, विचारांची साखळी तुटते. त्याच्या देहात दोन-चार माणसे आळीपाळीने येत नाहीत. आजार वेगळा, औषधोपचार वेगळे. ‘छिन्नमनस्कता’ हा शब्द त्या मानाने कमी फसवा आहे.

आता अमेरिकेत येऊ. जॉर्जिया राज्यातील थिग्पेन आणि क्लेक्ली या मानसोपचारतज्ज्ञांनी १९५४ मध्ये एका तरुण विवाहितेवर शोधनिबंध लिहिला. ती डोके दुखते म्हणून आली होती. भिडस्त, साधी बाई. एके दिवशी ती डॉक्टरांसमोरच बदलली आणि आधीच्या ‘स्वतः’ची टिंगल करू लागली. डॉक्टरांनी एकीला ईव्ह व्हाइट आणि दुसरीला ईव्ह ब्लॅक असे नाव दिले. पुढे जेन नावाची तिसरी, समंजस बाई प्रकट झाली. त्याच वर्षी एक नामी प्रयोगही प्रसिद्ध झाला. ऑसगुड यांनी शब्दांचे भावार्थ मोजण्याची एक पद्धत तयार केली होती. तिच्यात ‘आई’, ‘माझे काम’ अशा शब्दांना चांगले-वाईट, बलवान-दुबळे अशा सात पायऱ्यांच्या पट्टीवर जागा द्यायची असते. तिघींनी भरलेले तक्ते ऑसगुड आणि लुरिया यांना देण्यात आले. रुग्णाला न पाहता, केवळ आकड्यांवरून त्यांनी तिघींची स्वभावचित्रे काढली, आणि ती बरीचशी जुळली.

१९५७ मध्ये या हकीकतीवर पुस्तक निघाले आणि त्याच वर्षी ‘द थ्री फेसेस ऑफ ईव्ह’ हा चित्रपट आला. आरंभीच एक प्रसिद्ध पत्रकार पडद्यावर येऊन, ही घडलेली गोष्ट आहे, अशी ग्वाही देतो. जोअॅन वुडवर्डने तिन्ही भूमिका केल्या आणि तिला ऑस्कर मिळाले. चित्रपटाच्या शेवटी लहानपणीची एक आठवण सापडते: मेलेल्या आजीचा मुका घ्यायला लावले होते. ती आठवण वर आली की दोन्ही ईव्ह विरतात, जेन उरते आणि सगळे सुखी होतात.

प्रत्यक्षात तसे काही झाले नव्हते. ही बाई म्हणजे ख्रिस सायझमोर. तिने १९७५ मध्ये स्वतःची ओळख जाहीर केली आणि १९७७ मध्ये ‘आय अॅम ईव्ह’ हे आत्मकथन प्रसिद्ध केले. चित्रपटगृहांत लोक तिच्या बरे होण्यावर टाळ्या वाजवत होते त्या काळात ती आजारीच होती. तीन नव्हे, एकंदर वीसहून अधिक व्यक्तिमत्त्वे येऊन गेली, असे तिने लिहिले. ती स्थिर झाली ती १९७० च्या दशकात, दुसऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली. पुढे तिच्या आयुष्यावर पुन्हा चित्रपट काढण्याची वेळ आली तेव्हा जुन्या फिल्म कंपनीने, पूर्वीच्या करारामुळे तिच्या जीवनकथेचे हक्क आमच्याकडे आहेत, असे सांगितले. १९८९ मध्ये तिला स्वतःच्या आयुष्यावरील हक्कासाठी न्यायालयात जावे लागले, आणि प्रकरण तडजोडीने मिटले. ती २०१६ मध्ये वारली. तिच्या आयुष्याचा उत्तरार्ध चित्रे काढण्यात आणि मनोरुग्णांच्या बाजूने व्याख्याने देण्यात गेला. तो भाग पडद्यावर कोणी आणला नाही.

ईव्हचे डॉक्टर मात्र सावध राहिले. १९८४ मध्ये त्यांनी लिहिले की, तीस वर्षांत हजारो रुग्ण पाहूनही बहुविध व्यक्तिमत्त्वाचा निःसंशय म्हणावा असा आणखी एकच रुग्ण त्यांना आढळला. हे लिहिण्याची गरज त्यांना का वाटली? कारण दरम्यान ‘सिबिल’ आली होती.

१९७३ मध्ये फ्लोरा श्रायबर या लेखिकेचे ‘सिबिल’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. एक तरुणी, तिची सोळा व्यक्तिमत्त्वे, लहानपणी आईने केलेला अनन्वित छळ आणि डॉ. कॉर्नेलिया विल्बर यांनी वर्षानुवर्षे केलेले उपचार, अशी ती कथा. लाखो प्रती खपल्या. १९७६ मध्ये दूरचित्रवाणीसाठी त्यावर चित्रपट निघाला. त्यात सिबिल झाली सॅली फील्ड आणि डॉ. विल्बर झाली जोअॅन वुडवर्ड. एकोणीस वर्षांपूर्वीची रुग्ण आता डॉक्टरच्या खुर्चीत बसली.

या पुस्तकाच्या आधी बहुविध व्यक्तिमत्त्व हा अतिदुर्मीळ प्रकार होता. १९४४ मध्ये टेलर आणि मार्टिन या दोघांनी सगळे वैद्यकीय वाङ्मय धुंडाळले तेव्हा त्यांना ७६ रुग्ण सापडले होते. १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेने आपल्या अधिकृत यादीत या आजाराला स्वतंत्र स्थान दिले आणि दशकभरात रुग्णांची संख्या हजारांवर गेली. व्यक्तिमत्त्वांची संख्याही वाढली. एकोणिसाव्या शतकात बहुधा दोन असत. आता पंधरा-वीस सर्रास झाली. निसर्गातला कोणताही आजार अमेरिकेतच आणि तोही एका पुस्तकानंतर इतका फोफावत नाही. मग काय झाले असावे? लोक खोटे बोलत होते असे म्हणणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे आहे. इयन हॅकिंग या कॅनेडियन तत्त्वज्ञाने १९९५ मध्ये याचा उलगडा करताना एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. आपण दगडाला नाव दिले तर दगड बदलत नाही. माणसाला नाव दिले की तो ते ऐकतो, त्याप्रमाणे स्वतःकडे पाहू लागतो, आणि मग त्याच्यातला बदल पाहून नावाचाही अर्थ बदलतो. दुःखी माणसाला आपले दुःख मांडायला एक आकृती लागते. ती त्या काळी ‘सिबिल’ने पुरवली.

खुद्द सिबिलचे काय? ती शर्ली मेसन नावाची चित्रकला-शिक्षिका होती. १९९८ मध्ये तिच्या मृत्यूनंतर हे बाहेर आले. तिने १९५८ मध्ये डॉ. विल्बर यांना पत्र लिहून, आपल्यात अनेक व्यक्तिमत्त्वे नाहीत, आपण तसे भासवत होतो, असे कळवले होते. डॉक्टरीणबाईंनी ते पत्र आजार टाळण्याची धडपड म्हणून बाजूला सारले. पेंटोथालसारख्या गुंगीच्या औषधाच्या अमलाखाली आठवणी काढल्या जात होत्या. अशा वेळी सुचवलेले आणि आठवलेले यांतली सीमा पुसट होते. २०११ मध्ये पत्रकार डेबी नेथन हिने जुन्या कागदपत्रांच्या आधारे हे सगळे सविस्तर मांडले. सिबिलच्या वाटेने गेलेल्या उपचारांमुळे अनेक स्त्रियांना कधी न घडलेल्या छळाच्या आठवणी झाल्या, घरे मोडली आणि १९९० च्या दशकात डॉक्टरांवर खटले भरले गेले. कादंबरीची किंमत अशी मोजली गेली.

न्यायालयात याचे दुसरे टोक दिसते. स्त्रियांच्या खुनांसाठी १९७९ मध्ये पकडल्या गेलेल्या केनेथ बियांकीने, खून आपल्यातल्या ‘स्टीव्ह’ने केले, असे संमोहनावस्थेत सांगितले. मार्टिन ऑर्न या मानसशास्त्रज्ञाने त्याची साधी परीक्षा घेतली. खऱ्या रुग्णांत दोन नव्हे, निदान तीन व्यक्तिमत्त्वे असतात, असे त्याने बोलता बोलता बियांकीच्या कानावर घातले. थोड्याच वेळात ‘बिली’ नावाचा तिसरा हजर झाला. बियांकीने पुढे गुन्हा कबूल केला. नियंत्रित प्रयोग म्हणजे काय ते शिकवायला याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

तरीही आजार नाहीच, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. १९९४ मध्ये ‘बहुविध व्यक्तिमत्त्व’ हे नाव अधिकृत यादीतून गेले. त्या जागी ‘मी’ची ओळख एकसंध न राहणे यावर भर देणारे नाव आले, आणि ते आजही आहे. संशोधन अजून दोन्ही बाजूंनी बोलते. नेदरलँड्समधील हुंटयेन्स यांच्या प्रयोगांत असे दिसले की, एका ‘व्यक्तिमत्त्वा’ने पाहिलेले शब्द दुसऱ्याला आठवत नाहीत असे सांगितले गेले तरी चाचणीत ते शब्द ओळखले जातात, म्हणजे आठवणींमधली भिंत वाटते तितकी पक्की नसते. उलट, राइंडर्स आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये रुग्णांची तुलना मुद्दाम सोंग करायला सांगितलेल्या निरोगी माणसांशी केली, तेव्हा मेंदूतला रक्तप्रवाह आणि हृदयाचे ठोके यांत सोंगवाल्यांना रुग्णांची बरोबरी करता आली नाही. ‘सायको’पासून २०१६ च्या ‘स्प्लिट’पर्यंत चित्रपटांनी रंगवलेला खुनी मात्र या संशोधनात सापडत नाही. अमेरिकन संघटनेच्या २०१३ च्या ग्रंथानुसार बाह्यरुग्ण म्हणून उपचार घेणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक जणांनी आत्महत्येचा प्रयत्न केलेला असतो. धोका असतो तो मुख्यतः त्यांच्या स्वतःच्या जिवाला.

आपल्याकडे काय? ‘तो मी नव्हेच’मधला लखोबा लोखंडे इथे बसत नाही. त्याला सगळी सोंगे पाठ आहेत, तो जेकिलच्या जातीचा. १९६७ च्या ‘रात और दिन’ या चित्रपटात मात्र नर्गिसने दिवसा सोज्ज्वळ गृहिणी आणि रात्री नाचगाण्यात रमणारी पेगी, अशी भूमिका केली. ईव्हची छाया उघड आहे. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पहिला राष्ट्रीय पुरस्कार या भूमिकेला मिळाला. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांनी १९८९ मध्ये आपल्याकडच्या मोजक्या रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. अमेरिकन रुग्ण बोलता बोलता बदलतो; भारतीय रुग्ण बदलतो तो मध्ये झोप लागून. आपल्या चित्रपटांतही असेच दाखवतात, याकडे अभ्यासकांनी लक्ष वेधले.

पण आपल्याकडे या दुःखाची जुनी आकृती वेगळीच आहे: अंगात येणे. २०१३ च्या अमेरिकन ग्रंथाने व्याख्येत ‘झपाटले जाण्याचा अनुभव’ही घातला आहे. नागपूरला १९७४ मध्ये एक सुशिक्षित मराठी स्त्री मधूनमधून ‘शारदा’ होऊ लागली. शारदा एकोणिसाव्या शतकातली बंगाली बाई. ती बंगाली बोले आणि तिला मराठी कळत नसे. इयन स्टीव्हनसन (नावाचा निव्वळ योगायोग) या अमेरिकेतील संशोधकाने त्यात पुनर्जन्म पाहिला. त्या स्त्रीला बंगालीची ओढ होती आणि तिने ती लिपी थोडीफार शिकून घेतली होती, ही नोंदही तपासणाऱ्यांनीच केली आहे. हीच बाई पॅरिसला जाने यांच्याकडे गेली असती तर निदान दुसरे झाले असते, आणि १९८५ मध्ये अमेरिकेत असती तर तिसरे.

१९९३ च्या ‘मणिचित्रताळ’ या मल्याळम चित्रपटाने या दोन्ही आकृती एकत्र आणल्या. त्यातील गंगा ही जुन्या वाड्यातल्या नागवल्ली या नर्तकीची दंतकथा ऐकते आणि हळूहळू तीच होते. घरचे भूत म्हणतात, मित्र असलेला मानसोपचारतज्ज्ञ आजार म्हणतो. मात्र तो मांत्रिकाला हाकलून देत नाही. दोघे मिळून एक सोंग उभारतात: नागवल्लीला सूड घेऊ द्यायचा, पण ऐन वेळी माणसाच्या जागी पुतळा सरकवायचा. तलवार पुतळ्यावर पडते आणि गंगा शुद्धीवर येते. शोभनाला या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे ही कथा कन्नड आणि तमिळमध्ये गेली आणि २००७ मध्ये ‘भूल भुलैया’ म्हणून हिंदीत आली. त्याच नावाचे पुढचे भाग निघाले तेव्हा आजार वगळला गेला आणि भूत खरेच आले.